तिसरी टिक

१ डिसें., सोम.
सि. ९. झोप ४. छाती ६.

डॉक्टरांनी सांगितलं ते एवढंच. रोज तीन आकडे: सिगरेटी किती, झोप किती तास, छातीवरचं दडपण दहापैकी किती. शिवाय प्रत्येक सिगरेटची वेळ. "आणि काही वाटलं तर चार ओळी," म्हणाल्या. मंचरला त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा मी तक्रार सांगितली ती हीच, की काही वाटत नाही. आणि मधूनच, काही कारण नसताना, छाती. हे दोन्ही एकाच माणसात कसं, याचं त्यांना नवल वाटलं नाही. मला अजून वाटतं.

आजच्या वेळा. खोलीवर ६:५०, ७:२०. कामावर ११:१०, १:५०, ३:३०, ५:१५. पुन्हा खोलीवर ६:४०, ८:००, ९:३०.

अर्धी गोळी सुरू होऊन तीन आठवडे. फरक: तोंड कोरडं.

कामावरच्या चारही बाभळीवालीखाली. हे नाव तांबेभाऊंचं. रेडिओ दुर्बिणीच्या प्रत्येक डिशला कागदावर आकडा आहे, पण अठ्ठावीस वर्षं इथे काढलेला माणूस आकड्याने हाक मारत नाही. बाभळीवाली सगळ्यांत कडेला. तिच्या मागे लगेच ऊस. तिथे कोणी येत नाही.

२ डिसें., मंगळ.
सि. ९. झोप ५. छाती ५.

बाभळीवालीच्या टिक आजही आल्या. चार वेळा, प्रत्येक वेळी तीन. साधारण सेकंदाच्या अंतराने टिक, टिक, टिक, मग शांत. तांबेभाऊ म्हणाले, "मॅडम, आपलं भूत ड्युटीला एकदम टायमावर."

माझं काम आकाशाचं नाही, जमिनीचं. आकाश ऐकणाऱ्यांना जमिनीवरचं काही ऐकू येऊ नये, एवढं बघायचं. पंपाचा स्टार्टर, विजेची सैल तार, जिथे ठिणगी उडते तिथे आमच्या पडद्यावर टिक उमटते. मग गाडीत अँटेना टाकून गावोगाव फिरायचं आणि ती ठिणगी शोधायची. खोडदपासून पिंपळवंडीपर्यंतच्या विहिरी मला पाठ आहेत. बाभळीवालीजवळ सप्टेंबरात टिक नोंदवणारी पेटी बसवली, त्या दिवसापासून या टिक आहेत. तीन महिने. ही एकच मला सापडलेली नाही.

ऑक्टोबरच्या अहवालातलं माझं वाक्य: "वेळा रोज चार मिनिटं पुढे सरकतात, त्यामुळे स्रोत माणूस नसून स्वतंत्र घड्याळावर चालणारं यंत्र असावं."

त्या वाक्यामुळे हौसामावशीचं मशीन बंद केलं. मी तिच्याच वस्तीवर भाड्याने राहते. मेंढरांमागे फिरलेलं घर, आता शेती, पण पाच मेंढ्या अजून आहेत. बिबट्यासाठी मेंढवाड्याभोवती झटका मशीनचं कुंपण. मशीन दर सव्वा सेकंदाला तारेत झटका सोडतं आणि तोही आमच्या पडद्यावर दिसतो. मी म्हटलं, चार दिवस बंद ठेवू, खात्री होईल. तांबेभाऊ म्हणाले, दोन दिवसांत कळलंच की हे नाही, चालू करू द्या. मी अजून दोन दिवस मागितले. दोन दिवसांचे आकडे पुरेसे नव्हते.

तिसऱ्या पहाटे काळी गेली. गाभण होती.

मेंढ्या चार आहेत. पाच लिहिलं. खोडत नाही.

४ डिसें., गुरु.
सि. ९. झोप ३. छाती ८.

सापडलं.

आज टेबलावर दोन कागद शेजारी होते. एक टिकच्या वेळांचा, एक या वहीतून डॉक्टरांसाठी उतरवलेला. टिकचा कागद ताऱ्यांच्या घड्याळात, कारण आमचं सगळंच त्या घड्याळात. ते आपल्या घड्याळापेक्षा रोज चार मिनिटं पुढे पळतं. रोज अकरा दहालाच होणारी गोष्ट त्या घड्याळात रोज चार मिनिटं सरकलेली दिसते. पहिल्या वर्षाला शिकवतात हे. मी स्वतः नव्या लोकांना शिकवते.

कंटाळा आला म्हणून टिकच्या वेळा साध्या घड्याळात बदलल्या.

११:१०. १:५०. ३:३०. ५:१५.

माझा लायटर बटणाचा आहे. चाकाचा वाऱ्यात पेटत नाही म्हणून मुद्दाम घेतलेला. बटण दाबलं की आत ठिणगी. पेटतो नेहमी तिसऱ्यांदा.

मोबाइल गेटवर ठेवून आत येणारी मी. तीन महिने स्वतःला शोधत तालुका फिरले. एका घराचं कुंपण बंद केलं.

५ डिसें., शुक्र.
सि. ६. झोप २. छाती ८.

खात्री केली. बरोबर बारा वाजता बाभळीवालीखाली उभी राहून, सिगरेट नसताना, तीनदा दाबला. आत येऊन पाहिलं. १२:००, तीन टिक.

५:१५ ला शेवटची. मग लायटर उसात फेकला, जमेल तितका लांब. तो पडल्याचा आवाज आला नाही. नंतर थोड्या वेळाने पाचटात काहीतरी सरकल्यासारखं झालं, आणि तेही थांबलं.

अहवालात स्रोत: अज्ञात. बदलला नाही. तांबेभाऊंना सांगितलं नाही. मावशीला तर नाहीच.

७ डिसें., रवि. अवसरी.
सि. ०. झोप ५. छाती ७. दिवस दुसरा.

आई म्हणाली, चेहरा उतरलाय, तिकडे जेवत नाहीस. मी जेवले. निकोटीनचं चुइंगम चघळत होते तर म्हणाली, लहान आहेस का. तिला गोळीचं माहीत नाही, सिगरेटचं माहीत नाही. एका घरात दोन गोष्टी लपवणं एकीपेक्षा सोपं जातं.

हातांना काम नाही. अंगठा आपोआप तर्जनीवर दाबला जातो.

१० डिसें., बुध.
सि. ०. झोप ३. छाती ८. दिवस पाचवा.

खोकला वाढला. जिभेला फोड. मीटिंगमध्ये एका माणसाने पेन टिकटिक केलं आणि मी उठून बाहेर गेले. अंघोळ सोमवारी केली होती.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा आठवडा वाईट जाईल, त्याला आजार वाढला असं समजू नका. मी तसं समजत नाही. पण आतून दोन्हीचा आवाज एकच येतो.

पेटी स्वच्छ. पाच दिवसांत एकही टिक नाही.

१२ डिसें., शुक्र.
सि. ०. झोप ५. छाती ५. दिवस सातवा.

तांबेभाऊ खूश. "गेलं बघा भूत. तुम्ही कायतरी केलं का?" मी म्हटलं, काही नाही. तळहातावर तंबाखू मळत म्हणाले, "मग आपसूक गेलं. आपसूक गेलेलं परत येतं, मॅडम. काढलेलं नाही येत."

मावशी वैरणीला निघाली होती. गळ्यात खिळ्यांचा पट्टा. आता या भागात बऱ्याच बायका घालतात, बिबट्या मानेला धरतो म्हणून. मागून पाहिलं की बाई चालतेय असं वाटतच नाही. मी नजर वळवली. काळीचा विषय ती काढत नाही. मला जेवायला विचारते.

१५ डिसें., सोम.
सि. ०. झोप ५. छाती ९. दिवस दहावा.

११:१०. तीन टिक. बाभळीवाली.

१६ डिसें., मंगळ.
सि. ० (?). झोप १. छाती ९.

काल अकरा दहाला मी कुठे होते, हे नीट लिहून काढते.

११:०० टेबलावर. ११:०४ ला छाती, म्हणून उठले. जनरेटरच्या खोलीमागे पायऱ्या आहेत, तिथे बसले. डोळे मिटून श्वास मोजले, शिकवल्याप्रमाणे. ११:२० ला परत टेबलावर. पायऱ्यांपासून बाभळीवाली चालत सहा मिनिटं. सोळा मिनिटांत जाऊन येणं होतं. पाहणारं कोणी नव्हतं.

पायऱ्यांवर बसल्याचं आठवतं. दगड गार होता. पण गार दगड मला रोजचाच आठवत असणार.

आज पुन्हा. ११:१० आणि ३:३०. अकरा दहाला मी बाथरूममध्ये. एकटी.

हात हुंगले. साबण. केस हुंगले. कळत नाही. कपाटातले सगळे खिसे उलटे केले. संध्याकाळी नारायणगावला ज्या टपरीवरून घ्यायचे तिथे गेले आणि विचारलं, इतक्यात मी तुमच्याकडून काही घेतलं का. टपरीवाला म्हणाला, "मॅडम, ते तुमालाच ठावं की." मग जरा हळू आवाजात म्हणाला, "दोन आठवडं आला न्हाई तुमी. आज देऊ?"

१७ डिसें., बुध.
सि. ०. झोप ४ (झोपेची गोळी). छाती ७.

मंचर. डॉक्टरांना सगळं सांगितलं, टिकसकट. आकृती काढून. त्यांनी आकृती नीट पाहिली, हे बरं वाटलं. सोडताना आठवण दगा देते, विशेषतः झोप नसताना, पण चालत जाऊन येणं विसरणं, हे या गोळीने सहसा होत नाही, असं म्हणाल्या. सहसा, हे मी लिहून घेतलं.

मग विचारलं, "कोण असेल असं वाटतं?"

"मी."

"तुम्ही नाहीत असं सिद्ध झालं तर बरं वाटेल, की तुम्हीच आहात असं झालं तर?"

उत्तर दिलं नाही. मीच असले तर ते दुरुस्त करता येतं.

म्हणाल्या, अकरा दहाला कोणालातरी शेजारी बसवा. एकट्याने तपासायची ही गोष्ट नाही. म्हणजे तांबेभाऊंना सांगावं लागणार.

१९ डिसें., शुक्र.
सि. ०. झोप ४. छाती ७. दिवस चौदावा.

सकाळी सांगितलं. लायटर, ताऱ्यांचं घड्याळ, सगळं. गोळीचंही. ते हसतील असं वाटलं होतं. म्हणाले, सिगरेटचं ठाऊक होतं, गाडीत वास येतो. लायटरचं डोक्यात आलं नाही. "आमच्याबी डोक्यात आलं न्हाई, म्हंजे आमीबी गुन्हेगार." मग, "हौसाबाईला सांगितलं?"

"नाही."

"हं."

अकरा वाजता दोन खुर्च्या पडद्यासमोर ओढल्या. मी दोन्ही हात टेबलावर ठेवले, त्यांना दिसतील असे. ११:०७. ११:०८. त्यांनी तंबाखू मळायचं थांबवलं.

११:१०. टिक. टिक. टिक.

माझे हात टेबलावर. मी नाही.

गाडी काढून चार मिनिटांत बाभळीवालीशी. कोणी नाही. मातीवर आमच्याच जुन्या टायरच्या खुणा. डिश वर तोंड करून काहीतरी ऐकत उभी. ऊस आता डोक्याच्या वर दोन हात आहे, वारा नव्हता, आणि त्याच्या आत एका रेषेत पानं हलत गेली, कडेपासून आतल्या बाजूला. सावकाश. घाई नसल्यासारखी.

"चला," तांबेभाऊ म्हणाले. "पाठ न करता चला."

डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर आता माहीत आहे. बरं वाटलं नाही.

२२ डिसें., सोम.
सि. १. झोप ४. छाती ८.

काल अवसरीला होते. दुपारी जेवणं झाल्यावर परसात बाजेवर बसले आणि इतकी तलफ आली की दात दुखले. घड्याळ पाहिलं, डॉक्टरांनी तलफेचीही वेळ लिहायला सांगितली आहे. २:४०. मागच्या पानावर टाचण आहे: २:४०, तीव्र, सात मिनिटं, आई भांडी घासतेय.

आज रविवारचा कागद काढला. ११:१० नाही. १:५० नाही. दिवसभरात एकदाच.

२:४०. तीन टिक.

अवसरीपासून बाभळीवाली, सरळ रेषेत धरलं तरी कित्येक कि.मी. मी यावर गणित करायला बसले आणि उठले. कशाचं गणित?

गेल्या आठवड्याचे कागद काढले. टिक आणि तलफेच्या वेळा शेजारी मांडल्या. सगळ्या तलफांना टिक नाही. पण टिक आहे तिथे तलफ आहे. योगायोग असू शकतो. तलफा इतक्या होत्या की काहीही कशाशीही जुळेल. हे वाक्य बरोबर आहे. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मी मान्य केलं असतं.

खोलीवर येताना एक सुटी घेतली. मावशीच्या चुलीवरची काडेपेटी. ६:४५. काडीने टिक होत नाही.

चव घाण. तरी पूर्ण ओढली.

२३ डिसें., मंगळ.
सि. ०. झोप ५. छाती ६.

डॉक्टरांना फोन. एकीने मोजणी शून्यावर जात नाही, म्हणाल्या. सतरा दिवसांत एक, असं लिहा. लिहिलं. दुसरी ओढावीशी वाटली तर आधी मला फोन, असंही म्हणाल्या.

काल ६:४५ ला टिक नव्हती. मात्र ६:०८ ला तीन आहेत. तेव्हा मी टपरीसमोर उभी होते, ठरवत.

२६ डिसें., शुक्र.
सि. ०. झोप ५. छाती ६. दिवस एकविसावा.

बाभळीवालीमागचा ऊस तुटला. टोळी कालपासून लागली होती. आज दुपारपर्यंत सगळं मोकळं. तिथे इतकं आकाश असेल असं वाटलं नव्हतं.

तांबेभाऊंनी टोळीला लायटरचं सांगून ठेवलं होतं. एका बाईने आणून दिला. फेकला तिथेच पडलेला, पाचटाखाली. बटणाच्या फटीत माती, आत मुंग्यांनी घर केलेलं. दाबून पाहिलं. बटण हलत नाही. तीन आठवडे तो कोणी दाबलेला नाही.

मग त्याच बाईने दुसरं काहीतरी दाखवायला बोलावलं. उसाच्या कडेच्या दोन सरी आत, पाचट गोल दाबून गुळगुळीत झालेलं. माणूस पाय पोटाशी घेऊन निजेल एवढी जागा. कडेला मेंढीची लोकर. "हितं बसायचा वो वाघ," म्हणाली. "रोजची जागा हाय. आजची न्हाई, लई दिसांची."

तिथे उकिडवी बसले. बसल्यावर समोर सरळ बाभळीवालीचा चौथरा दिसतो, मी उभी राहायचे ती बाजू. उठून अंतर मोजलं. अकरा पावलं.

रोज चार वेळा. पाठ त्याच्याकडे.

परतताना तांबेभाऊ म्हणाले, "धुरानं वाचवलं म्हणायचं तुम्हाला." गंमत होती. पण डोक्याने ते लगेच उचललं आणि जपून ठेवलं, नंतर वापरायला. म्हणून इथे लिहिते: धुराने नाही. ते तेव्हा भुकेलेलं नव्हतं, किंवा जे असेल ते. लोकर काळी होती.

२७ डिसें., शनि.
सि. ०. झोप ३. छाती ९, मग ५.

मावशीला सांगितलं.

दिवस मावळायला आला होता. ती मेंढ्या आत घेत होती. पट्टा काढून खुंटीला अडकवला होता. रात्री मनात तीन वाक्यं तयार केली होती, ती जशीच्या तशी म्हटली. ती टिक मशीनची नव्हती. माझ्या लायटरची होती. दोन दिवसांत मशीनचं नाही हे कळलं होतं आणि जादा दोन दिवस मी मागितले.

तिने दोरी बांधायची थांबवली नाही.

"म्हंजी काळी गेली ती तुज्या इडीकाडीपायी."

"सिगरेट."

"तेच ते." मग, "जादा दोन दिस कशापायी?"

"कागदावर पुरेसं नव्हतं."

"कागदावर." गाठ मारली, ओढून पाहिली. "काळीच्या पोटात दोन व्हती. हात लावून बगितलं व्हतं मी."

मी उभी राहिले. माफी मागायचं चौथं वाक्य तयार नव्हतं. जे तयार नव्हतं ते तोंडातून आलं: मला बरं नाही, औषध चालू आहे, सिगरेट सोडली तरी टिक येतात, मी जिथे नाही तिथे येतात. हे तिला का सांगितलं माहीत नाही. तिला त्यातलं काय कळेल असं वाटलं होतं, तेही माहीत नाही.

तिने मेंढरं मोजली. आत घेताना ती प्रत्येकीच्या पाठीला हात लावते, बोलत नाही, फक्त हात. चार मेंढ्या. हात पाचदा पडला. पाचव्यांदा हवेत, मेंढीच्या उंचीवर.

मी पाहिलं हे तिने पाहिलं.

"हात मोजतो, बाय. डोळं न्हाई. गेल्यालं मेंढरू बी मोजतो."

"किती दिवस?"

"हाताला इचार."

आत जाताना म्हणाली, "उद्यापास्नं मशीन तू चालू करायचं. दिस मावळायच्या आत. आयकडं गेलीस तरी त्या टायमाला हितं पायजे." माफ केलं असं म्हणाली नाही. जेवायला मात्र वाढलं.

२८ डिसें., रवि.
सि. ०. झोप ६. छाती ५.

अवसरीहून लवकर निघाले. आईने विचारलं, एवढी काय घाई. म्हटलं, मावशीची मेंढरं आहेत. आई म्हणाली, तुझं इंजिनिअरिंग मेंढरांत गेलं. मग दारात, माझ्याकडे न बघता, "ते चिंगम संपलं तर सांग, मी मंचरहून आणते."

किती दिवसांपासून माहीत आहे, विचारलं नाही.

५:४० ला मशीन चालू. डबीतून सव्वा सेकंदाला टिक. ही आमच्या पडद्यावर दिसणार आणि कागदावर हिच्यापुढे नाव असणार.

२९ डिसें., सोम.
सि. ०. झोप ६. छाती ६.

अहवाल दुरुस्त करून दिला. सप्टेंबर ते ५ डिसेंबर, स्रोत: मी. लायटर पिशवीत घालून सोबत जोडला. साहेबांनी दोनदा वाचला. ताऱ्यांच्या घड्याळाच्या ओळीशी आल्यावर चष्मा काढून डोळे चोळले, हसत होते की काय कळलं नाही. त्या ओळीवर रागावले कमी, कुंपणाच्या परिच्छेदावर जास्त. यापुढे कोणाचंही मशीन बंद करायचं तर दुसऱ्याची सही लागेल. बरोबर आहे.

गेटवर नवी पाटी. मोबाइलखाली "लायटर" ही ओळ तांबेभाऊंनी स्वतः रंगवली. "मॅडम, तुमचं नाव अमर केलं," म्हणाले. "नुसतं लिहिलं न्हाई."

१५ डिसेंबरपासूनच्या टिक: स्रोताची जागा कोरी. अज्ञातसुद्धा लिहिलं नाही.

काल आणि आज टिक नाही.

३ जाने., शनि.
सि. ०. झोप ६. छाती ४. दिवस एकोणतिसावा.

टिक नाही. सात दिवस. तलफा रोज तीन-चार, पण पूर्वीसारख्या दातात नाही.

सकाळी धुकं. शिवनेरी नाही, हरिश्चंद्रगड नाही, डिशा नाहीत, काहीच नाही. मावशीच्या गोठ्यापासून रस्त्यापर्यंत आले तेव्हा भाकरी भाजल्याचा वास आला आणि भूक लागली. भूक. थांबून खात्री केली. तीच होती.

टोळी गेली तरी मोकळ्या रानातून कोणी एकटं जात नाही. ते जनावर कुठे गेलं, कोणाला माहीत नाही. मावशी म्हणते, जागा मोडली की ते लांब जात न्हाई, बगत राहातं.

अर्धी गोळी आता पूर्ण केली डॉक्टरांनी. अजून बरेच महिने, म्हणाल्या. मी किती महिने असं विचारलं नाही. पूर्वी विचारलं असतं.

५ जाने., सोम.
सि. ०. झोप ५. छाती ६. दिवस एकतिसावा.

पावणेअकरापासून छाती. कारण नाही. खिडकीतून बाभळीवाली दिसते, आता मागे ऊस नाही म्हणून उघडी, एकटी. चौथऱ्याशी कोणी नाही, भोवती दोन एकर नुसती खोडकी. मांजरही लपणार नाही.

तांबेभाऊ शेजारच्या खुर्चीत. मी त्यांना बसायला सांगितलं नव्हतं.

११:१०.

टिक.

टिक.

आम्ही दोघं वाट पाहत राहिलो. एवढ्या सवयीची गोष्ट होती की तिसरी आली असं मला वाटलंही. पडदा सपाट. ११:११. ११:१५. बाहेर रानात ऊन, कोणी नाही.

मग माझं लक्ष खाली गेलं. टेबलाखाली माझा अंगठा तर्जनीवर होता. दाबलेला नव्हता. टेकलेला, दाबायच्या आधी ठेवतात तसा. कधीपासून, माहीत नाही. उचलून हात टेबलावर ठेवला. जड होता.

तांबेभाऊंनी ते पाहिलं. वही पुढे ओढून त्यांनी वेळ लिहिली, टिक दोन लिहिलं, आणि पेन थांबवलं.

"दोनच आहेत. खोडून टाकू का? दोनला काय अर्थ न्हाई."

म्हटलं, राहू द्या. पण रेघ मारून ओळ बंद करू नका. शेजारी एकाची जागा ठेवा.